दुसरा निकाल

"किती वेळ बघितलंत तिला?" मुजिराननं विचारलं.

"चाळीस मिनिटं," डॉक्टर पुर्वांती म्हणाल्या. "त्याआधी तुम्हा दोघांशी तासभर बोलले. शिवाय हा फॉर्म तुम्हीच भरून दिलाय."

"फॉर्म हिनं भरला." त्यानं शेजारी बसलेल्या बायकोकडे मान वळवली. विजी मांडीवरच्या पिशवीचे बंद एकमेकांत गुंफत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मी भरला असता तर निराळा भरला असता."

"असू शकेल."

"राग मानू नका, बू डॉक्टर. मी अकरा वर्षं पक्ष्यांच्या स्पर्धेला पंच म्हणून उभा राहतोय. शामा, दयाळ, सगळे. घरी गळा मोकळा सोडून गाणारा पक्षी मैदानात हुकाला टांगला की एखाद्या वेळी चोच उघडत नाही. नवी जागा, नवी माणसं, शेजारी तेवीस पिंजरे. म्हणून काय तो मुका ठरतो?"

"मी पालुपीला मुकी म्हटलेलं नाही."

"ऑटिझम म्हटलंय."

"हो."

भिंतीपाशी सहा वर्षांची पालुपी खेळण्यातले कप मांडत होती. सगळ्या कपांचे कान खिडकीकडे. एकाचा कान मोडलेला होता. तो तिनं रांगेतून काढला, परत ठेवला, परत काढला.

"डोळ्याला डोळा भिडवत नाही, असं लिहिलंय तुम्ही," मुजिरान म्हणाला. "आमच्याकडं मोठ्यांच्या डोळ्यांत बघत नाहीत. मीच शिकवलंय तिला."

"मी शेजारच्या बोयोलालीची आहे, पाक. मलाही तेच शिकवलंय." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण खाली बघणारी पोरंसुद्धा आपण बोट दाखवलं की तिकडं बघतात. मी तिला खिडकीतलं मांजर दाखवलं. ती बोटाच्या टोकाकडं बघत राहिली. तीन वेळा."

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. जिल्ह्याच्या केंद्रात बारा मुलांची सोय होती आणि एक जागा रिकामी होती. आठवड्याचे तीन दिवस शिकवायचे, आणि पुढे शाळेत तिच्याशेजारी बसायला एक बाई मिळायची. वीस तारखेच्या आत आईबापांची सही हवी. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

"यादी मोठी आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि दुसऱ्या कुणाला दाखवायचं असलं तर?"

"जरूर दाखवा. तुमचा हक्कच आहे. फक्त वीस तारीख डोक्यात असू द्या."

मुजिरान उठला तेव्हा शर्टाच्या खिशातला फोन गरम झाला होता. आत शिरल्यापासून त्यात सगळं बोलणं टिपलं जात होतं. मैदानावरचीच ही सवय. निकालावर कुणी वाद घातला की आवाज परत ऐकता येतो.


प्रश्न ३. नावानं हाक मारल्यावर मूल वळून बघतं का?
नेहमी / कधीकधी / कधीच नाही

विजीनं 'कधीच नाही'वर खूण केली होती. फॉर्मची एक प्रत घरी होती. मुजिराननं पेन घेतलं, तिची खूण खोडली आणि 'कधीकधी'वर केली.

"परवा बघितलं नाही का वळून?"

"परवा माझ्या हातातून ताट पडलं, मास." घरात ती त्याला मास म्हणायची, बाहेरचे पाक. "ताटाकडं बघितलं तिनं."

"ताटाकडं का होईना, बघितलं ना?"

विजी जाकिटं शिवणाऱ्या कारखान्यात होती. तिला सकाळची पाळी होती आणि उभ्या उभ्याच भात खाऊन निघायचं होतं. "तुम्ही दिवसभर पिंजऱ्यांजवळ असता," ती म्हणाली. "ती तुमच्या पायाशी बसते, तुम्हाला वाटतं ती तुमच्याजवळ बसलीय. तुम्ही उठून गेलात तरी ती तिथंच बसलेली असते. मी बघितलंय." पातेलं घासायला टाकून ती गेली. ती भांडत नव्हती. कारखान्यात कापड मोजतात तशी मोजून बोलत होती.

शेजारच्या बू गेमी तळलेल्या केळ्यांची बशी घेऊन आल्या त्या बातमी काढायलाच.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"बाई आहे."

"मग तर झालंच. बाईला काय कळतंय." बू गेमी स्वतः बाई असल्याचं विसरून पायरीवर बसल्या. "अरे, पोर आहे की सोनं? हट्ट नाही, उलट बोलणं नाही. आमचा नातू बघ, आजोबाच्या तोंडावर म्हणतो, तुम्ही झोपा म्हणून. त्याला दाखवा म्हणावं त्या बाईला."

पालुपीनं बशीतली केळी बघितली. तिनं एक उचललं, त्याचं तळलेलं कवच सोलून बाजूला ठेवलं, मग दुसरं उचललं, त्याचंही सोललं.

"बघ, कशी निगुतीनं खातेय," बू गेमी म्हणाल्या.

ती खात नव्हती. सात केळी सोलून तिनं रांगेत लावली, आणि रस्त्यावरून फाटक्या सायलेन्सरची मोटरसायकल गेली तशी धावत जाऊन पिंजऱ्यांखाली बसली. तिथं तिची स्वतःची खोळ होती. पिंजरा झाकायची, हिरवी, सगळ्यात मोठ्या मापाची. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा एका शामाची खोळ ओढून आत शिरून बसली, तेव्हा मुजिराननं तिला रागावायच्या ऐवजी बाजारातून ही आणून दिली होती. घाबरलेल्या पक्ष्याला झाकावं लागतं, एवढं त्याला कळत होतं. त्यात त्याला आजाराचं काही दिसलं नव्हतं.


प्रश्न ११. ऐकलेली वाक्यं मूल जशीच्या तशी परत म्हणतं का?
नेहमी / कधीकधी / कधीच नाही

पक्ष्याला दुसऱ्याचं गाणं शिकवायची रीत अशी.

पक्षी एकटा ठेवायचा. खोळ घालायची, म्हणजे डोळ्यांना काम राहत नाही आणि कान उघडतात. मग ज्याचं गाणं हवं त्याचा आवाज लावायचा. खंड्याची किलकिल, सुताराची ठकठक, रातकिड्यांची कुरकुर, काय हवं ते. दोन वेळा लावायचा, पहाटे अंघोळीनंतर आणि संध्याकाळी. मोठ्यानं नाही, हळू. पक्ष्याला वाटलं पाहिजे की हे त्याला स्वतःलाच आठवतंय. मधे बोलायचं नाही. बरोबर आलं की लगेच किडा द्यायचा, उशीर झाला तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. पंधरा-वीस दिवसांत आवाज लागतो. मैदानात अशा उसन्या गाण्याला जास्त गुण असतात. आपलंच गाणारा पक्षी कुणीही पाळतो.

सेमारांग शहरातल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ एका पक्षीमालकाच्या ओळखीनं मिळाली. सतरा तारीख, शनिवार. तेव्हा एक तारीख होती.

मुजिराननं फोन पिंजऱ्यांच्या मांडवाखाली, बादलीवर उभा केला.

'पालुपी, तुझं नाव सांगशील मला?' डॉक्टर पुर्वांतींचा आवाज. नाव घेण्याआधी त्या घसा साफ करीत, तो आवाजही आला.

मग त्यानं फोन थांबवला आणि स्वतः म्हणाला, "पालुपी."

'किती वर्षांची आहेस?'

"सहा."

'या चित्रातली मुलगी का रडतेय?'

"पडली म्हणून."

'आज बाहुलीचा वाढदिवस. केकवर मेणबत्ती लावलीय. आता काय करायचं?'

"फुंकर मारायची."

हिरव्या खोळीखाली काही हललं नाही. त्यानं परत लावलं. किड्यांऐवजी तांदळाचे तळलेले कुरकुरे होते, ते तिला आवडत.

पाचव्या दिवशी खोळीखालून आवाज आला, "फुंकर मारायची." मुजिरानच्या हातातला कुरकुरा खाली पडला. सहा वर्षांत तिनं एकदाही त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. तो पाठमोरा झाला आणि बराच वेळ पाण्याच्या वाट्या धूत राहिला.

नवव्या दिवशी सगळी उत्तरं आली. मग त्यानं खोळ काढली आणि तिला त्याच्या भुवयांकडे बघायला शिकवलं. भुवईकडे बघितलं तर समोरच्याला वाटतं डोळ्यांत बघतोय. बाराव्या दिवशी त्यानं एका उत्तरात स्वतःची भर घातली. "पडली म्हणून. मग आईनं उचललं." हे वाक्य त्याला फार आवडलं होतं.

विजीची पाळी बदलली आणि एका सकाळी ती घरी होती. स्वयंपाकघरातून तिनं सगळं ऐकलं. हात पुसत बाहेर आली.

"हे काय चाललंय?"

"गळा मोकळा करतोय तिचा."

"हे त्या बाईंचे प्रश्न आहेत."

"मग? शाळेत जाणारी पोरं नाही घोकत?"

"शाळेत काय येतं ते बघायला परीक्षा घेतात. तिथं काय येत नाही ते बघायचं होतं, मास."

"तिच्या आतच नसतं तर बाहेर आलं असतं का? सांग ना. दगडाला शिकवून बोलतो दगड?"

विजीनं पालुपीसमोर उकिडवं बसून विचारलं, "न्दुक, पोरी, भूक लागलीय?"

पालुपी तिच्या भुवयांकडे बघत म्हणाली, "सहा."

"बघ," मुजिरान म्हणाला, "बघतेय तुझ्याकडं."

विजी उठली. कागदावर तिची सही झाली होती. त्याच्या सहीची जागा रिकामी होती. ती म्हणाली, "वीस तारखेच्या आत सही करा. सेमारांगचा माणूस काहीही म्हणू दे."

"निकालाआधी सही कशी करू?"

"करा म्हणजे झालं."

त्यानं केली नाही.


प्रश्न १९. अनोळखी ठिकाणी मुलाचं वागणं बदलतं का?

सेमारांगचे डॉक्टर साठीचे, गोरेपान, आवाज मऊ. त्यांनी कपाटातून जे खोकं काढलं ते डॉक्टर पुर्वांतींकडे होतं तसलंच होतं. तीच पिवळ्या केसांची बाहुली, तोच लाकडी केक, तेच रडणाऱ्या मुलीचं चित्र. मुजिरानला वाटलं होतं मोठ्या दवाखान्यात निराळं काहीतरी असेल.

"पालुपी, तुझं नाव सांगशील मला?"

पालुपीनं घसा साफ केला. "पालुपी."

"वा. किती वर्षांची?"

"सहा."

"ही मुलगी का रडतेय गं?"

"पडली म्हणून. मग आईनं उचललं."

डॉक्टरांनी मान वर करून आधी विजीकडे, मग मुजिरानकडे पाहिलं आणि ते हसले. मग, बहुधा प्रेमानंच, त्यांनी एक प्रश्न आपल्या मनचा विचारला.

"आणि तुला कधी रडू आलं, तर काय करायचं?"

पालुपीनं त्यांच्या भुवयांकडे पाहिलं. "फुंकर मारायची."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले, "लागलंय तिथं फुंकर मारायची." आणि त्यांनी काहीतरी लिहिलं.

मुजिरानचे कान सगळ्या जिल्ह्यात नावाजलेले होते. मैदानात चोवीस पिंजरे एकदम गात असताना तो डोळे मिटून सांगायचा की सात नंबरचा शामा तिसऱ्यांदा तेच म्हणतोय. आत्ता त्यानं जे ऐकलं त्यात चूक व्हायला जागा नव्हती. घसा डॉक्टर पुर्वांतींचा. 'म्हणून'वरचा हेलकावा त्याचा स्वतःचा. दोन उत्तरांमधलं अंतरही तेवढंच, जेवढा वेळ त्याला फोनवर बोट ठेवायला लागायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही सूर तिचा नव्हता. आणि फुंकर ही पुढच्या प्रश्नाची होती. ती फक्त क्रमानं आली होती.

तरीही, खरं सांगायचं तर, त्याला आनंदच झाला. मैदानात असं गाणं ऐकून त्यानंही पुढं होऊन त्या पिंजऱ्याखाली पहिल्या नंबरची झेंडी रोवली असती.

पंचवीस मिनिटांत झालं. "बोलायला थोडा उशीर झालाय, एवढंच," डॉक्टर म्हणाले. "बुजरी आहे. ऑटिझम नाही. फोन हातात देऊ नका. वर्षानं एकदा दाखवून जा." सही झाली, शिक्का बसला.

विजी मुजिरानकडे बघत होती. तिला काय हवंय ते त्याला कळलं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. पण एवढा मोठा माणूस, त्याच्या खोलीत, त्याच्या सहीची शाई वाळायच्या आत त्याला चुकलात म्हणायचं, हे त्याच्या जिभेला जमणारं नव्हतं. त्याच्या बापालाही जमलं नसतं. तो अर्धा वाकून, उजवा हात खाली सोडून, डॉक्टरांच्या समोरून मागे मागे सरत बाहेर आला.

पायऱ्यांवर पालुपीच्या सँडलचा पट्टा विजी लावत होती तेवढ्या वेळात त्यानं कागदाचा फोटो काढला आणि केंद्राच्या नंबरवर पाठवला. खाली लिहिलं: निकाल आमच्या बाजूनं लागला. जागा नको. गरजूला द्या.

झेंडी रोवायला उशीर केला की मन बदलतं, हे तो नव्या पंचांना नेहमी सांगायचा.


बस

सालातिगाच्या चढापर्यंत पालुपी गप्प होती. मग सुरू झाली.

"पालुपी, तुझं नाव सांगशील मला? पालुपी. किती वर्षांची आहेस? सहा. या चित्रातली मुलगी का रडतेय? पडली म्हणून. मग आईनं उचललं. आज बाहुलीचा वाढदिवस. केकवर मेणबत्ती लावलीय. आता काय करायचं? फुंकर मारायची. पालुपी, तुझं नाव सांगशील मला?"

दोन्ही बाजू. प्रश्न बाईंच्या आवाजात, उत्तरं बापाच्या. आठव्या-नवव्या वेळी पुढच्या सीटवरच्या जाड बाई वळल्या. मांडीवर शेंगांची टोपली होती.

"अगं बाई, केवढी हुशार. किती वर्षांची आहेस, विचारतेस होय? मी अठ्ठावन्नची, न्दुक." आणि त्या सगळ्या बसला ऐकू जाईल अशा हसल्या.

अठ्ठावन्न हे उत्तर नव्हतं. पालुपीचा चेहरा फाटल्यासारखा झाला. तिनं कानांवर हात घेतले आणि अशी किंचाळली की ड्रायव्हरनं ब्रेक लावला. शेंगा सीटखाली गेल्या. खोळ घरी राहिली होती. मोठ्या दवाखान्यात ते बरं दिसणार नाही म्हणून मुजिराननंच ती काढून ठेवायला लावली होती. विजीनं डोक्यावरची ओढणी सोडली आणि पोरीवर घातली. अशा भरल्या बसमध्ये विजीचे केस उघडे त्यानं कधी पाहिले नव्हते.

"काय भूतबित लागलंय का तिला?" मागून कुणीतरी विचारलं.

"हो," विजी म्हणाली. "लागलंय. तुम्ही पुढं बघा."

ओढणीखाली पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पालुपी, तुझं नाव सांगशील मला.

बोयोलाली मागे पडल्यावर विजी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तुम्हाला आत ऐकू आलं होतं ना?"

"काय?"

"मास. तुमच्या कानांसाठी लोक गाडी पाठवून नेतात तुम्हाला."

"आलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तूही नाही बोललीस."

"मी फॉर्म भरला होता," विजी म्हणाली. "माझं मी तेव्हाच बोलले होते. सोमवारी केंद्रात तुम्ही एकट्यानं जायचं. मी कामावर जाणार."

मेसेजचं त्यानं तिला आपलं गाव क्लातेन आल्यावर, रिक्षात बसताना सांगितलं. तिनं ऐकलं, पोरीला आत घेतलं आणि रिक्षावाल्याला घराचा पत्ता दिला.

रविवारभर पालुपीनं ते म्हटलं. भात समोर असताना, अंघोळीला, संडासात. मुजिराननं फोनमधला आवाज पुसून टाकला. त्यानं काही फरक पडला नाही.


शेरा. पालकांना आणखी काही सांगायचं असल्यास:

"तक्रार कुठं द्यायची?" केंद्राच्या खिडकीत त्यानं विचारलं.

"कशाबद्दल?" कारकून पोरगी होती, तोंडात पेन.

"निकालाबद्दल."

तिनं नाव विचारून संगणकात पाहिलं. "तुमचा निकाल तर तुमच्या बाजूनं लागलाय, पाक. तुम्हीच कळवलंत."

"त्याच्याविरुद्धच द्यायचीय."

पोरगीनं पेन तोंडातून काढलं आणि आत जाऊन डॉक्टर पुर्वांतींना विचारून आली. डॉक्टर दर सोमवारी केंद्रात बसत.

मुजिरान खुर्चीत बसला नाही. टेबलासमोर, हात पुढे एकमेकांत धरून उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. खोळ, बादली, कुरकुरे, भुवया. डॉक्टर मधे बोलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "किती दिवस?"

"सोळा."

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा. पक्ष्याला देतात तसंच."

"सगळे प्रश्न?"

"सगळे. तुम्ही घसा साफ करता तेसुद्धा."

डॉक्टरांनी हात नकळत गळ्यापाशी नेला आणि खाली घेतला. "बसा, पाक मुजिरान."

तो खुर्चीच्या कडेला टेकला.

"तुमची जागा गेली. शनिवारीच गेली. तुमचा मेसेज आला आणि आम्ही यादीतल्या पुढच्या घरी फोन केला. त्याच संध्याकाळी येऊन सही करून गेले ते. आज त्या मुलीचा पहिला दिवस."

"वीस तारीख उद्या आहे."

"तुम्ही नको म्हणालात."

"हो," तो म्हणाला. "मी म्हणालो."

"आता दोन कागद झाले. एक माझा, एक सेमारांगचा. दोन कागद जुळत नसले की तिसऱ्यांदा तपासावं लागतं. तसा नियम आहे. आणि ते मी आता करू शकत नाही." त्या थांबल्या, सोपं करून सांगण्यासाठी. "ते खोकं आता वर्षभर तिच्यासमोर उघडता येणार नाही. तिला सगळं पाठ आहे. त्यातलं तिचं काय आणि तुमचं काय, मला कळणार नाही."

"मला कळतं."

"तुम्हाला कळून चालत नाही. मला कळायला लागतं."

"मी लिहून देतो. मी फसवलं म्हणून."

"कुणाला?"

बाहेर कुठल्यातरी खोलीत एक मूल टाळ्या वाजवत होतं, एकाच ठेक्यात.

"वर्षानं ती सात वर्षांची होईल," तो शेवटी म्हणाला.

"हो. आणि यादीत तिचं नाव आज घातलं तर शेवटी जाईल. घालू?"

"घाला."

त्यांनी लिहून घेतलं. टेबलाच्या अलीकडून उलट्या दिसणाऱ्या कागदावरचा आकडा त्यानं वाचला: एक्केचाळीस.

"तोपर्यंत मी काय करू?"

"काही शिकवू नका तिला." बोलून गेल्यावर हे फार लागेल असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी आवाज उतरवला. "जवळ बसा. ती स्वतः काय करते ते लिहून ठेवा. रोज एक ओळ. तुम्ही सांगितलेलं नाही, तिचं."

"बू डॉक्टर, पक्ष्याला एकदा लागलेला आवाज काढता येत नाही. आम्ही किती करतो. नाही निघत." तो टेबलाच्या कडेशी बोलत होता. "माणसाचा निघतो?"

"मला माहीत नाही, पाक," डॉक्टर पुर्वांती म्हणाल्या.

तो बाहेर आला.

दारात पायऱ्यांवर एक बाई बसली होती. पाठीला झोळीत तान्हं मूल, समोर आठेक वर्षांची मुलगी, दोन वेण्या, नवा कोरा शर्ट. आत जाताना बूट काढायचे होते आणि मुलगी काढू देत नव्हती. आईनं पाय धरला की ती सगळं अंग ताठ करून मागे पडत होती. तान्हं रडायला लागलं होतं. बाईच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती हळूहळू, न ओरडता, तेच तेच सांगत होती, "बूट बाहेर, रारा. बूट बाहेर. मग आत जायचं. आज पहिला दिवस ना."

मुजिरानला त्यांना ओलांडून जाता आलं असतं. पायरी रुंद होती.

तो खालच्या पायरीवर बसला, मुलीकडे पाठ न करता पण तोंडही न करता, तिरका, रस्त्याकडे बघत. हात मागे नेऊन त्यानं बुटाची टाच तळहातात धरली. ओढलं नाही, दाबलं नाही. नुसती धरून ठेवली. बाईनं मुलीच्या पायावरचा आपला हात काढून घेतला. रस्त्यावरून बर्फाची हातगाडी गेली. नळावर कुणीतरी बादली भरून नेली. हात अवघडला तरी त्यानं हलवला नाही.

मग मुलीनं स्वतःच पाय वर ओढून घेतला. मोकळा पाय बघत ती थोडा वेळ बसली आणि दुसरा पाय त्याच्या हातावर आणून ठेवला.

"तुमचंही मूल इथंच आहे का?" बाईनं विचारलं.

"नाही," मुजिरान म्हणाला. "यादीत आहे."

"येईल नंबर. आमचा बघा ना, परवापर्यंत काही आशा नव्हती. कुणीतरी जागा सोडली म्हणे. देव त्याचं भलं करो."

मुलगी आत पळाली. तिच्यामागे तान्ह्याला थोपटत बाई गेली. दाराशेजारी लाकडी मांडणी होती, कप्प्यांवर मुलांची नावं. सगळ्यात खालच्या कप्प्यावर नवी पट्टी चिकटवलेली होती, तिचा डिंक अजून कडेनं ओला होता. मुजिराननं दोन्ही बूट उचलले, आतले मोजे नीट दुमडले आणि टाचा बाहेर येतील असे त्या कप्प्यात ठेवले. बूट आतून अजून गरम होते.